लाईट गेल्यावरचा चहा

मी तरन्नुमचा जुना लॅपटॉप बोलतोय. माझ्या बॅटरीत जेमतेम अर्ध्या तासाचा जीव उरलाय, त्यामुळे फार पाल्हाळ लावणार नाही. तसा मी स्वभावानं बोलका. पण बॅटरी म्हातारी झाली की मोजकं बोलायची सवय आपोआप लागते. आत्ता मी अणदूरला, तिच्या अम्मीच्या बाजेवर उशीशेजारी पडून आहे. तरन्नुम आतल्या खोलीत काम करतेय. ती बाहेर येईपर्यंत माझी गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. डोळा उघडला तो थेट पुण्यात, एका कंपनीतल्या रणधीर नावाच्या इंजिनिअरच्या टेबलावर. रणधीर माझा पहिला मालक. मनानं दिलदार, बोटांनी चपळ. पण काम अंगाशी येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. तोवर क्रिकेटचा स्कोअर बघ, नव्या बुटांचे फोटो बघ, मित्रांना विनोद पाठव. एका वेळी माझ्यावर इतक्या खिडक्या उघडायचा की माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा.

मग शेवटच्या दिवशी साहेबांचा धूमधडाका सुरू. भराभर प्रोग्राम लिहायचा, लिहिलेलं परत वाचायचं नाही, आणि 'चाललं ना? मग सोड' म्हणून पाठवून द्यायचं. ते दोन दिवसांनी बंद पडायचं. मग रणधीरच धावत जाऊन दुरुस्त करायचा आणि सगळे त्याला शाबासकी द्यायचे. आग लावणारा आणि विझवणारा एकच, पण कौतुक मात्र विझवल्याचं! कुणी विचारलं, 'हे काम किती दिवसांचं?' तर त्याचं उत्तर ठरलेलं: दोन दिवस. काम राईएवढं असो की डोंगराएवढं, दोनच दिवस.

त्यानं मला कधी बंदही केलं नाही. सदा चार्जरला लावलेला, सदा तापलेला. माझी बॅटरी तिथंच बसली. पुढं त्याला नवा लॅपटॉप मिळाला आणि माझ्यासारख्या जुन्यांची खोकी भरून कंपनीनं सोलापूरच्या एका दुकानदाराला विकून टाकली. तिथल्या फळीवर धूळ खात पडलो असताना मला मुनवरभाईंनी उचललं.

मुनवरभाई म्हणजे तरन्नुमचे अब्बा. अणदूरला हायवेच्या कडेला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात. माणूस लाखात एक, पण कामात आनंदी आनंद. मोटार उघडून परत बसवली की चारदोन बोल्ट उरतातच. गिऱ्हाईक डोळे मोठे करून बघायला लागलं की म्हणतात, "अवो, ते कंपनीनं जास्तीचे दिलेत. ठिवा खिशात." दुकानासमोर महामार्गाची पाटी आहे, 'अति घाई संकटात नेई'. मुनवरभाई रोज तिच्याखाली बसून घाई करतात.

आणि लेक अगदी बापावर गेलेली. तुळजापूरच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली, हुशार, पण धांदरट. दोन वर्षं नोकरी नव्हती. सगळे म्हणायचे, पुण्याला गेल्याशिवाय काही खरं नाही. पण पुण्याला जायचं कसं? तिची अम्मी, हमिदाबी, हिची नजर शुगरनं गेलेली. अब्बा दिवसभर दुकानात. घरात दुसरं कुणी नाही. चूल, औषध, इंजेक्शन, सगळं तरन्नुमच्या हातात. तिला नोकरी हवी होती ती घरी बसून करता येईल अशीच. अशी नोकरी मिळाली तेव्हा तिनं मला छातीशी धरून खोलीभर गिरकी मारली होती. मला आजवर असं कुणी धरलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

कंपनी पुण्याची, काम डायलिसिस केंद्रांचं. किडनीच्या रुग्णांची पाळी कोणत्या दिवशी, ते आधी लावायचं आणि तसा निरोप त्यांच्या मोबाईलवर पाठवायचा, हे सगळं आपोआप करणारा प्रोग्राम तिनं लिहायचा. अट एकच. सहा महिने तिचं काम बघणार. ठीक वाटलं तर नोकरी पक्की आणि घरून. नाही वाटलं तर रामराम.

आता तुम्हाला वाटेल, या मुलीनं पहिल्या दिवसापासून वेळापत्रक केलं, शिस्त लावली. छे! शिस्त लावली ती लाईटनं आणि मी.

अणदूरचा खंडोबा काही दिवस नळदुर्गला राहायला जातो आणि ठरल्या दिवशी परत येतो. आमच्या भागातल्या लाईटचंही तसंच. तिचं जाणं ठरलेलं, येणंही बहुतेक ठरलेलं. सकाळी एकदा, दुपारी दोनदा. लाईट गेली की नेट गेलं, पंखा गेला आणि उरलो मी, अर्ध्या तासाचा पाहुणा. तरन्नुम घाबरून मला बंद करून टाकायची, न जाणो एखाद्या मीटिंगला लागलो तर. मग हातात काही उरायचं नाही. ती चहा टाकायची. दोन कप घेऊन इथं, अम्मीच्या बाजेवर येऊन बसायची. मीही सोबत असायचो, झाकण मिटून.

अम्मीला दिसत नाही, पण तिला ऐकायची हौस फार. या घरात आपसात दखनी उर्दू बोलतात. मी आपला तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

"आज काय केलंस गं?" अम्मी विचारायची.

"आज? समज, एक मावशी हायत. त्यांची पाळी गुरुवारची. त्यांनी फोन करून सांगितलं, मला शुक्रवारी यायचंय."

"मग?"

"मग मी बघितलं शुक्रवारी जागा हाय का. हाय म्हणून त्यांना तिथं टाकलं."

"मग?"

"मग..." आणि तरन्नुम कप तसाच हातात धरून थांबायची. मावशींना शुक्रवारी टाकलं खरं, पण गुरुवारची त्यांची जागा मोकळी करायची राहिली! अम्मीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला गोष्ट हवी होती, म्हणून ती 'मग' म्हणायची. पण गोष्ट सांगताना तरन्नुमला आपल्या कामातलं भोक आपोआप दिसायचं. लाईट आली की आधी ते बुजवायचं आणि मगच पुढं लिहायचं, असं आपसूक होत गेलं. शिवाय लाईट जायच्या आत पुरं होईल एवढंच काम ती हाती घ्यायला लागली. अर्धवट राहिलं की डोक्यातून निसटतं, हे तिनं दोनदा भोगलं होतं.

तिच्या वरच्या बाई, वैष्णवी, पुण्याहून माझ्या पडद्यावर यायच्या. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "तरन्नुम, तू इतरांपेक्षा सावकाश लिहितेस असं मला आधी वाटलं होतं. पण तुझं काम परत येतच नाही. बाकीच्यांचं निम्मं काम दुरुस्तीसाठी परत येतं. तू हे करतेस कसं?"

तरन्नुम लाजून म्हणाली, "काही नाही मॅडम, असंच." तिला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण?

मग चांगले दिवस आले. चांगल्या दिवसांची गंमत अशी की ते येताना आपल्याकडचं काय घेऊन जातात, ते कळत नाही. तिच्या पहिल्या काही पगारांतून अब्बांनी इन्व्हर्टर बसवला. त्याच आठवड्यात कंपनीनं नवा कोरा लॅपटॉप पाठवला. चकचकीत, पातळ, दिवसभर चालणारी बॅटरी. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण ते नऊ दिवस कधी संपलेच नाहीत. माझी बदली झाली अम्मीच्या उशाशी. तरन्नुमनं माझ्यात अम्मीसाठी कहाण्या आणि जुनी गाणी भरून दिली. अम्मी दिवसभर माझ्याशी बोलायची आणि मी दिवसभर एकटाच बडबडायचो. पण मला 'मग' म्हटलं तरी मी थांबत नव्हतो आणि वेगळं काही सांगतही नव्हतो. अम्मी हळूहळू 'मग' म्हणायची बंद झाली.

आतल्या खोलीत लाईट जाईना, पंखा थांबेना, तरन्नुम उठेना. बोटांचा आवाज मला इथवर यायचा. एका बैठकीत ती पूर्वीच्या दोन दिवसांचं लिहायची आणि खूश व्हायची. चहाही तिथंच, एका हातानं. एकदा तिच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. ती स्वतःशीच म्हणाली, "चाललं ना? मग सोड."

एका मंगळवारी सकाळी तिचा फोन वाजला. आदल्या दिवशी, सोमवारी, केंद्रांना सुट्टी होती. सोमवारच्या रुग्णांना मंगळवारी बोलवायचं होतं. पण एका केंद्रात मंगळवारी सकाळी एकही माणूस आला नाही. खाटा रिकाम्या, यंत्रं तयार, नर्स वाट बघतायत. चौकशी केली तर सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप होता: बुधवारी या. तरन्नुमनं गेल्या आठवड्यात पाठवलेलं काम.

डायलिसिस म्हणजे केस कापायची पाळी नव्हे, आज नाही तर उद्या. नर्सबाईंनी एकेकाला फोन करून बोलावून घेतलं. एका आजोबांना धाप लागली होती, त्यांना मुलानं उचलून आणलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं झालं, कुणाला काही झालं नाही. पण व्हायला किती वेळ लागला असता?

वैष्णवी मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चूक तपासणाऱ्यांच्याही नजरेतून सुटली, ती आमचीही आहे. पण सुरुवातीचे चार महिने तुझ्या कामात काही सापडत नव्हतं, तरन्नुम. मग बदललं काय? विचार कर. आणखी एक महिना बघू. परत असं झालं तर तुझ्यासाठी मी काही बोलू शकणार नाही. आणि आज काही लिहू नकोस."

तरन्नुम खूप रडली. मग तोंड धुऊन नुसती उभी राहिली. लिहायचं नाही म्हटल्यावर करायचं काय? तिनं चहा टाकला. दोन कप घेऊन बाहेर आली, माझी कहाणी मध्येच बंद केली आणि बाजेवर बसली.

अम्मीनं विचारलं, "लाईट गेली काय गं?"

"न्हाय अम्मी. हाय की. पंखा फिरतोय न्हाय का."

"मग तू कशी आलीस?"

तरन्नुमनं कप खाली ठेवला. अम्मी बिचारी सहज बोलली होती. "न्हाय, रागावून न्हाय म्हणत. इन्व्हर्टर आल्यापासनं बसलीच न्हाईस न्हवं, म्हणून इचारलं."

मग तरन्नुमनं सांगायला सुरुवात केली. "अम्मी, समज, एक आजोबा हायत. त्यांची पाळी सोमवारची, आन सोमवारी सुट्टी."

"मग?"

"मग पाळ्या लावतानाच त्यांना मंगळवारी टाकलं."

"बरं केलंस. मग?"

"मग निरोप लिहिताना परत बघितलं, सोमवारी सुट्टी हाय का? हाय. म्हणून आणखी एक दिवस पुढं..." ती थांबली. एकच सुट्टी तिनं दोनदा मोजली होती. एकदा पाळी लावताना, एकदा निरोप लिहिताना. इतकी साधी गोष्ट. परत एकदा वाचली असती तर दिसली असती.

"मग?" अम्मी म्हणाली. "आजोबांचं काय झालं?"

"बरे हायत अम्मी," तरन्नुम म्हणाली आणि अम्मीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आजोबा बरे हायत."

त्या दिवशी संध्याकाळी अब्बा जेवायला बसले. तरन्नुमनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "अब्बा, मला लाईट घालवायची सोय करून द्या."

अब्बांचा घास हातातच राहिला. "आख्खं अणदूर लाईट यावी म्हणून तोंड वासून बसलंय, आन माझी लेक म्हणती घालवा! मग इन्व्हर्टर कशाला घेतला, पूजा करायला?"

"तुमी मोटारीच्या पेटीत टायमर बसवता न्हवं? तसा माझ्या खोलीला बसवा. ठरल्या येळंला पंखा बंद, नेट बंद. थोड्या येळानं परत चालू."

"अगं, मग मोबाईलला गजर लाव की."

"गजर मी बंद करून टाकते, अब्बा. पंखा बंद झाला तर उठावंच लागंल."

अब्बा हसले. पण लेकीचे सुजलेले डोळे त्यांनीही पाहिले होते. दुसऱ्या दिवशी एका जुन्या स्टार्टरच्या पेटीतला टायमर काढून त्यांनी भिंतीवर बसवला. तीन स्क्रू उरले. "कंपनीनं जास्तीचे दिलेत," ते म्हणाले.

आणि मला परत काम लागलं. टक् आवाज झाला की आत पंखा थांबायचा. तरन्नुम नुकतं लिहिलेलं पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर यायची आणि माझ्यावर उघडायची. लिहायचं नव्यावर, वाचायचं माझ्यावर, असं तिनं ठरवलं. तेच अक्षर दुसऱ्या पडद्यावर परक्यासारखं दिसतं म्हणे, आणि परक्याच्या चुका आपल्याला चटकन दिसतात. माझी बॅटरी टिकेल तेवढ्यात वाचून आणि अम्मीला सांगून संपेल, एवढंच ती एका बैठकीत लिहायला लागली. ज्या दुखण्यापायी रणधीरनं मला टाकलं, तेच या घरात कामाचं माप झालं.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात तिची नुसती चिडचिड. हात रंगात आलेला असायचा आणि टक्. एका दुपारी तर तिनं पंख्याची पिन काढून सरळ इन्व्हर्टरला लावली आणि नेटही मोबाईलवरून घेतलं. तो दिवस तिनं न उठता लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर वाचताना त्यात इतकं काही निघालं की ती स्वतःच हसायला लागली. सगळं पुसलं आणि पिन मुकाट्यानं जागेवर लावली.

त्या महिन्यात वैष्णवी मॅडमनी एक मोठं काम दिलं आणि विचारलं, "किती दिवस?" मी कान टवकारले. मला वाटलं, आता 'दोन' येणार. तरन्नुमनं बोटांवर मोजलं. म्हणाली, "मला वाटतं चार. पण मी दर वेळी एक कमी धरते, हे आता माझ्या लक्षात आलंय. म्हणून पाच सांगते." पाच दिवसांनी काम गेलं. ते परत आलं नाही. त्यानंतरचंही आलं नाही.

महिना संपल्यावर एका शुक्रवारी मॅडमचा फोन आला. "नोकरी पक्की. आणि अणदूरहूनच. इथल्या नव्या मुलांना तुझी काम करायची रीत एकदा समजावून सांगशील का?" तरन्नुम 'हो' म्हणाली आणि अम्मीला येऊन बिलगली. अम्मी लगेच शेवया करायला निघाली. दिसत नाही हे ती अशा वेळी साफ विसरते.

अब्बा नमाज पढून लवकर घरी आले होते. शेवया खाता खाता त्यांना आपल्या कारागिरीची आठवण झाली. "माझ्या टायमरनं केलं बरं का सगळं!" म्हणत ते वाटी घेऊनच आत गेले. मग तिथून त्यांची हाक आली. "तरन्नुम, हे तर बंद हाय."

"असं कसं? रोज तर..."

त्यांनी पेटीचं झाकण काढलं. आतल्या घड्याळाची तार निसटून लोंबत होती, न लावलेल्या स्क्रूच्या जागेवरून. मुंग्यांनी आत घर करून अंडीही घातली होती. "हे कवाचंच मेलंय," अब्बा म्हणाले. "मग तुला उठवत कोण होतं?"

तरन्नुमला आठवेना, टक् आवाज शेवटचा कधी ऐकला. अम्मीलाही आठवेना. मलासुद्धा नाही. मी तर समजत होतो, हे सगळं माझ्या आणि लाईटच्या जोरावर चाललंय. आम्हाला कुणी विचारतच नव्हतं! जरा वाईट वाटलं. मग फार बरं वाटलं.

अब्बा तार जोडायला लागले तर तरन्नुम म्हणाली, "राहू द्या अब्बा. मुंग्यांना कुठं उठवता?"

तर ही माझी गोष्ट. माझं बिजागर आता मोडलंय, त्याला चिकटपट्टी आहे. काही बटणांवरची अक्षरं गेलीत. कधीतरी मी चालू व्हायचा नाही, त्याचं मला दुःख नाही. एकच मागणं आहे, तुमच्यापैकी ज्यांच्याकडं नवे कोरे, दिवसदिवस न दमणारे लॅपटॉप आहेत त्यांच्याकडं. लाईट जायची वाट बघू नका. थोडं लिहा, उठा, चहा टाका आणि 'मग?' विचारणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. लिहिलेलं परत वाचा. तुमच्या त्या अक्षरांच्या पलीकडं कुठंतरी एक आजोबा मोबाईल हातात धरून बसलेले असतात.

बॅटरी निम्म्यावर आली, उरलेली तिच्यासाठी. आणि ही पाहा, आत खुर्ची सरकली. कपांचा आवाज येतोय. आलीच तरन्नुम.

अम्मीनं बाजेवर तिच्यासाठी जागा केलीय. तिला सगळं माहीत आहे, तरी रोज विचारते, "लाईट गेली काय गं?"

"व्हय अम्मी," तरन्नुम म्हणतेय, "गेली."

वर पंखा गरगर फिरतोय. तिनं माझं झाकण उघडलंय. आता मी थांबतो, तिला वाचायचंय.